चौदा महिने वापरलं, अकरा गेम्स घेतले, त्यातला माझा एकही नाही

दिवाळीच्या सेलला, डाउनलोड करून खेळायचे गेम विकणाऱ्या या प्लॅटफॉर्मवर खातं उघडलं, त्याला आता चौदा महिने झाले. अकरा गेम्स, साधारण सहा हजार आठशे रुपये. आधी चांगलं सांगतो. यूपीआय चालतं, भारतातले दर परवडतात, आणि सांगलीत विश्रामबागेत ऐन डाउनलोडमध्ये लाईट गेली तरी जिथं थांबलं तिथून पुढं सुरू होतं. एकदा रिफंड मागितला, तो तिसऱ्या दिवशी जमा झाला.

गाडं अडलं ते गणपतीत. सुट्टीला म्हणून धाकट्या भावासोबत खेळायला बसलो, तर समोर नवा वापरकर्ता करार आणि खाली एकच बटण: मान्य आहे. 'मान्य नाही' असं बटणच नाही. खिडकी बंद केली की लायब्ररी उघडत नाही. म्हणजे जुन्या अटींवर पैसे देऊन घेतलेले गेमसुद्धा कुलपात. भाऊ कंट्रोलर घेऊन ताटकळत बसलेला, मग दाबलं.

करार नंतर वाचला. वाद झाला तर कोर्ट नाही, परदेशातला लवाद, म्हणजे निवाडा करणारा तिसरा माणूस. खातं दुसऱ्याच्या नावावर होणार नाही. (पूर्वी सीडी खेळून झाली की मिरजेतल्या मित्राला अर्ध्या किमतीत द्यायचो, ते आठवलं.) कस्टमर केअरला लिहिलं, तर उत्तर आलं की अटी पटत नसतील तर खातं बंद करा, झालेल्या खरेदीचे पैसे मिळणार नाहीत. पप्पा मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर हिशेब लिहितात. त्यांना दाखवलं. चष्मा वर करून म्हणाले, "मग ही पावती कशाची रं?"

पावती परवान्याची. कंपनी म्हणेल तोवर वापरायचं. 'द क्रू' हा रेसिंगचा गेम २०१४ मध्ये आला, ३१ मार्च २०२४ ला त्याचे सर्व्हर बंद झाले, आणि एकट्यानं खेळायलाही सर्व्हर लागत असल्यानं विकत घेतलेल्यांच्या हातात काही उरलं नाही. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून, हा फक्त परवाना आहे असं स्पष्ट न सांगता 'विकत घ्या' असं बटण ठेवता येत नाही. माझ्या प्लॅटफॉर्मवर ते बटण अजून हिरवंगार आहे.

आपल्याकडेही कायदा आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम २(४६) मध्ये 'अनुचित करार' येतो. सबळ कारण नसताना एकतर्फी करार मोडायची मुभा देणारी अट त्यात बसते. मात्र अशा कराराविरुद्धची तक्रार जिल्हा ग्राहक आयोगात चालत नाही, राज्य ग्राहक आयोगाकडे न्यावी लागते. सहा हजार आठशेसाठी राज्य आयोग! सेवेतल्या त्रुटीची तक्रार मात्र आपण राहतो त्याच जिल्ह्यात करता येते, विक्रेता कुठलाही असो. मी तूर्त १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. कंपनीकडून कस्टमर केअरचंच उत्तर पुन्हा आलं, शब्दही तेच.

आता एकट्यानं खेळायचे गेम जीओजी या दुसऱ्या ऑनलाइन गेम-दुकानात मिळाले तर तिथून घेतो. तिथं इन्स्टॉलर उतरवून हार्ड डिस्कवर ठेवता येतो, नंतर कुणाला विचारावं लागत नाही. इथला करार बदलला की तारीख टाकून पीडीएफ करून ठेवतो.

पाचपैकी तीन तारे. खातं आजच बंद केलं असतं, पण वॉलेटमध्ये ४३० रुपये अडकलेत, ते बँकेत परत जात नाहीत, आणि मला हवा असलेला सगळ्यात स्वस्त गेम ४९९ चा आहे.