टकरमनची घळ की ॲडिरॉन्डॅकची स्लाईड? पहिलं स्टीप स्कीइंग कुठे करायचं

रिसॉर्टवरचे ब्लॅक रन (सगळ्यात अवघड उतार) आता निवांत जमतात, बीकन-प्रोब-फावडं (बर्फाखाली गाडलेल्याला शोधून काढायचं सामान) घेऊन झालं, ॲव्हलांचचा (हिमस्खलनाचा) बेसिक कोर्सही झाला आणि आता अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यात काहीतरी खरंखुरं स्टीप करायचंय, तर नावं दोनच निघतात: न्यू हॅम्पशरमधल्या माउंट वॉशिंग्टनवरच्या टकरमन रॅव्हिनच्या घळी, नाहीतर न्यूयॉर्कमधल्या ॲडिरॉन्डॅक डोंगरांतल्या स्लाईड, म्हणजे दरड कोसळून उघडे पडलेले कातळाचे पट्टे. जास्त स्टीप कोण यावर वाद घालत बसू नका, दोन्हीकडे ३५-४० अंशांच्या आसपासचं भरपूर मिळतं, आणि बर्फाची स्लॅब (घट्ट जमलेला थर) सुटायला नेमका हाच कोन लागतो.

आधी घळी. माउंट वॉशिंग्टन १९१७ मीटरच, पण वारा भयानक, १९३४ च्या एप्रिलमध्ये ताशी २३१ मैल मोजलेला. हा पश्चिमेचा वारा वरच्या उघड्या पठारावरचा बर्फ झाडून पूर्वेकडच्या टकरमनच्या वाडग्यासारख्या दरीत ओततो, म्हणून तिथे मे उजाडला तरी स्की करता येतं. तिथल्या लेफ्ट गली या घळीला ऊन कमी, बर्फ उशिरापर्यंत टिकतो. राईट गली दक्षिणेकडे तोंड करून आहे त्यामुळे ती सकाळी आधी मऊ होते आणि सीझनमध्ये आधी संपतेही. हिलमन्स हायवे ही घळ सगळ्यात लांब.

मला टकरमनचा सगळ्यात मोठा फायदा वाटतो तो म्हणजे ज्या घळीतून उतरायचं तिच्यातूनच बुटांनी वर चढायचं असतं. पायाखाली बर्फ कसा आहे, कुठे पोकळ वाजतोय, खडक कुठे वर आलेत, हे सगळं उतरायच्या आधी कळलेलं असतं. शिवाय फॉरेस्ट सर्व्हिसचं माउंट वॉशिंग्टन ॲव्हलांच सेंटर सीझनमध्ये रोज अंदाज देतं. आणि माणसं असतात, वसंतातल्या शनिवारी तर अतीच असतात, वरून कोणीतरी घरंगळत तुमच्या अंगावर येऊ शकतं इतकी.

तोटे? घळ म्हणजे नरसाळं, वरून जे सुटेल ते तुमच्याच वाटेने येणार. वसंतात हेडवॉलवरून (वाडग्याच्या मागच्या उभ्या भिंतीवरून) बर्फाचे मोठे तुकडे पडतात, आणि लोक जिथे मजेत डबा खात बसतात ते लंच रॉक्स नेमकं त्यांच्याच वाटेत येतं (दरवर्षी बसतातच). हेडवॉलच्या आसपास भेगा आणि पाण्याने आतून पोखरलेला बर्फ असतो. आणि रात्री गोठलेल्या बर्फावर लवकर निघालात आणि पडलात तर थांबायला काही नाही, थेट तळाशी. म्हणून क्रॅम्पॉन (बुटांना लावायचे खिळे) आणि आइस ॲक्स (बर्फातली कुऱ्हाड) हवेतच, आणि ऊन लागून वरचा थर सैल होईपर्यंत थांबायचा पेशन्सही.

आता स्लाईड. तिकडे गुळगुळीत खडकावर मातीचा पातळ थर आणि त्यात झाडं, जोराचा पाऊस झाला की सगळं झाडांसकट खाली येतं आणि उघडा कातळाचा पट्टा उरतो. २०११ च्या आयरीन वादळात असे बरेच नवीन पट्टे तयार झाले. हिवाळ्यात त्यावर बर्फ बसतो, दिसायला रुंद, मोकळं, एकदम मोहात पाडणारं. पण खाली धरून ठेवायला काही नाही, ओल्या फरशीवर टाकलेल्या चादरीसारखं. राईट पीकवरच्या एंजल स्लाईड १९९९ च्या फ्लॉइड वादळाने झाल्या आणि फेब्रुवारी २००० मध्ये तिथेच ॲव्हलांचमध्ये एक स्कीअर गेला.

इकडे रोजचा ॲव्हलांच अंदाज नाही, बर्फ वाचायचा तो तुम्हीच. ॲडिरॉन्डॅक लॉजवरून मार्सी डॅम सव्वादोन मैलांवर, तिथपर्यंत सोपं, पुढे झाडीतून घुसत स्किन्सवर (स्कीच्या तळाला चिकटवायच्या, मागे घसरू न देणाऱ्या पट्ट्यांवर) चढायचं. बऱ्याचदा वाट कडेच्या झाडीतून वर जाते, म्हणजे स्लाईडचा मधला भाग तुम्ही तपासलेलाच नसतो, वरून उतरताना पहिल्यांदा कळतो. काही घडलंच तर रेंजर यायला वेळ लागणार, आणि गाडलेल्या माणसाकडे असतात पहिली दहा-पंधरा मिनिटं, म्हणजे वाचवणार फक्त सोबतचेच. हो, आणि हाय पीक्समध्ये (ॲडिरॉन्डॅकच्या उंच शिखरांच्या भागात) ८ इंचांच्या वर बर्फ असला की स्की किंवा स्नोशू घालणं नियमाने सक्तीचं आहे.

बदल्यात काय मिळतं तर शांतता, जानेवारी-फेब्रुवारीतला कोरडा पावडरसारखा बर्फ, आणि गर्दी शून्य. स्कीइंग म्हणून मला स्लाईडच जास्त आवडते, खोटं कशाला बोलू.

पण पहिल्यांदा जात असाल तर टकरमनच, एप्रिलच्या शेवटी, वीकडेला, अंदाज हिरवा (धोका कमी) असताना, राईट गलीपासून सुरुवात. स्लाईड पुढच्या हिवाळ्यात, तेही ताज्या बर्फानंतर किंवा जोराच्या वाऱ्यानंतर लगेच नाही, निदान तिघं मिळून, एकावेळी एकच जण उतरणार आणि बाकीचे पट्ट्याच्या बाहेर कडेच्या झाडीत उभे, कधीही खाली तळाशी नाही कारण सुटलेला बर्फ तिथेच येऊन साचतो.