जामोवी: फुकट आणि सोपं, पण आयत्या टिकांवर विसंबू नका

मानसशास्त्राच्या डिसर्टेशनसाठी एसपीएसएस या सांख्यिकी सॉफ्टवेअरचं लायसन्स परवडत नसेल, तर त्याच कामाचं जामोवी बिनधास्त घ्या. फुकट आहे, आतून आर ही सांख्यिकीची संगणकभाषा चालते, एसपीएसएसची डेटा फाइल थेट उघडते. डेटा, निवडलेले पर्याय आणि निकाल एकाच फाइलमध्ये राहतात, त्यामुळे कुठे काय टिक केलं होतं ते गाइडला लगेच दिसतं.

दोन गटांच्या सरासरींची तुलना करणाऱ्या इंडिपेंडंट सॅम्पल्स टी-टेस्टमध्ये मात्र 'स्टुडंट्स'वर आधीच टिक असते. ती काढून 'वेल्च'वर करा, ते दोन्ही गटांचं विचलन सारखं धरत नाही. समजा, एका गटात २० जण, प्रमाण विचलन ६. दुसऱ्यात ६० जण, विचलन ३. सरासरीतला फरक २.२. पी म्हणजे खरा फरक नसतानाही निदान इतका फरक योगायोगाने दिसण्याची शक्यता; ती ०.०५ च्या खाली असली की फरक खरा मानायचा प्रघात आहे. स्टुडंट्सने पी येतो ०.०३, वेल्चने ०.१३! स्टुडंट्स दोन्ही गटांचं विचलन एकत्र करतं, त्यात मोठ्या गटाचं पारडं जड होतं आणि स्टँडर्ड एरर आहे त्यापेक्षा लहान दिसतो. आधी लेव्हीन चाचणीत दोन्ही विचलनं सारखी आहेत का ते बघून मग ठरवा, असं अजून शिकवतात. कशाला? थेट वेल्च.

रिलायबिलिटीमधला 'रिव्हर्स स्केल्ड आयटम्स'चा चौकोन हमखास फसवतो. उलटी विधानं (ज्यांत होकार म्हणजे कमी गुण) तिथे टाकली की अल्फा, म्हणजे विधानं एकमेकांशी किती जुळतात तो आकडा, सुधारतो, पण मूळ कॉलम जसेच्या तसे राहतात. रोझेनबर्गच्या आत्मसन्मान मापनीत १० पैकी ५ विधानं उलटी आहेत. गुण १ ते ४ असतील तर '५ वजा गुण' असे कंप्युटेड कॉलम वेगळे करावेच लागतात. नाहीतर अल्फा झकास आणि बेरीज कुचकामी. उत्तर न दिल्याचा कोड ९९ असेल, तर तो त्याआधी कॉलमच्या सेटअपमध्ये मिसिंग म्हणून नोंदवा.

सगळ्यात खटकते ती कोरिलेशन मॅट्रिक्स. १० चलांचे ४५ सहसंबंध होतात. एकही खरा नसला तरी सरासरी दोनेक ठिकाणी पी ०.०५ च्या खाली येतोच, आणि तिथे होल्म किंवा बॉनफेरोनीची, म्हणजे अनेक चाचण्यांसाठी पी दुरुस्त करायची, सोय नाही. पी-व्हॅल्यू बाहेर काढून हाताने दुरुस्त कराव्या लागतात.

त्याच तक्त्यावरून आणखी एक घोटाळा होतो. ६० मुलग्यांत सहसंबंध ०.३० (पी ०.०२), ६० मुलींत ०.१८ (पी ०.१७), म्हणून 'संबंध फक्त मुलग्यांत आढळला'. या दोन सहसंबंधांतला फरक तपासला तर पी ०.५० च्या आसपास येतो. लिनिअर रिग्रेशनच्या मॉडेल बिल्डरमध्ये लिंग आणि चल एकत्र निवडून इंटरॅक्शन (लिंगानुसार संबंध बदलतो का ते तपासणारी ओळ) घाला, आणि निष्कर्ष त्या ओळीवरूनच लिहा. 'फरक नाही' हेच दाखवायचं असेल, तर फरक नगण्य आहे का ते तपासणारं टॉस्टर मॉड्यूल लायब्ररीतून वेगळं घ्यावं लागतं. किती फरक नगण्य मानायचा, ते डेटा उघडण्याआधी ठरवून ठेवा.