तळाला गरवायचं तर आधी जिगहेड बघा

सॉफ्ट प्लास्टिकच्या, म्हणजे मऊ रबरी नकली आमिषांच्या, पाकिटांसमोर उभं राहिलं की नजर पहिल्यांदा रंगांकडे जाते. मोतिया, पांढरा, पोपटी, चमकी घातलेला गुलाबी. जिगहेड, म्हणजे शिशाचं डोकं असलेले गळ, खालच्या खणात सुटे पडलेले असतात आणि वजनाचा आकडा बघून चार-सहा उचलले की खरेदी आटोपते. गेले काही हंगाम मी तीन तऱ्हेची डोकी आणि तीन तऱ्हेची रबरं आलटून पालटून वापरतोय. त्यावरून माझं मत पक्कं झालंय: खाऱ्या पाण्यात, खोलवर, खडकाच्या आसपास गरवायचं असेल तर निरखून घ्यायची वस्तू जिगहेड आहे. रबराचा रंग त्याच्या फार नंतर येतो.

किनाऱ्यावरून उथळ पाण्यात फेकणाऱ्याचा लूर (जिगहेडवर ओवलेलं रबर) दर फेकीला हातात परत येतो. रबर सरकलं तर लगेच दिसतं, नीट करता येतं. चाळीस मीटर खाली गेलेला लूर दिसत नाही. एखाद्या बारक्या माशाने शेपटीला हिसका दिला, रबर घसरून गळाच्या वाकात गोळा झालं, तरी वर आपण रॉड उचलतोय, सोडतोय, आणि खाली तो नुसता गरगर फिरतोय. मासा लागत नाही म्हणून मग जागा बदलायची, रंग बदलायचा. बिघाड त्या दोन्हीत नसतोच.

डोक्याच्या मागे शिशाची जी छोटी मान असते, तिला कॉलर म्हणतात. रबर तिथेच धरलं जातं. मी वापरलेल्यांपैकी पहिला प्रकार म्हणजे साधं गोल डोकं, कॉलरवर एकच बोथट काटा. उथळ पाण्यात ठीक. तळाला मात्र दोन-चार ठोके बसले की रबर मागे सरकलंच म्हणून समजा. दुसरा प्रकार गोळीच्या आकाराचा, निमुळतं नाक, आणि कॉलरवर दोन पायऱ्यांचे उलटे काटे. हा माझ्या पसंतीचा. पाणी कापत झपकन खाली जातो, प्रवाहात कमी वाहवतो आणि रबर सोडत नाही. तिसऱ्यात कॉलरच्या जागी तारेचं स्प्रिंग असतं, रबराच्या नाकात स्क्रूसारखं फिरवून बसवायचं. जाड नाकाच्या मोठ्या रबराला याच्याइतकी चांगली पकड दुसरी नाही, पण बारीक नाकाच्या रबराला स्प्रिंग आतून फाडून टाकतं. सात-आठ इंचांचं रबर वापरणार असाल तरच हे घ्या.

फुटबॉलसारखं आडवं डोकंही मिळतं. सपाट वाळूवर भाकस माशासाठी ओढत आणायला ते उत्तम, कारण तळावर टेकलं की आडवं लवंडत नाही आणि गळ वर तोंड करून राहतो. खडकाळ तळात मात्र ते फटीत नेमकं अडकतं. तिथे मी ते वापरत नाही.

माझा पेशा टर्नरचा आहे, त्यामुळे नवीन पाकीट फोडलं की हात आपोआप व्हर्नियरकडे, म्हणजे बारीक मापं घ्यायच्या पट्टीकडे, जातो. स्वस्तातल्या एका पाकिटात गळाची दांडी डोक्याच्या मध्यरेषेला नव्हतीच. समोरून बघितलं की गळ एका अंगाला कललेला साध्या डोळ्यांनी दिसायचा. साचा जुळला नव्हता, शिशाची पातळ कड बाजूला तशीच राहिलेली, आणि दोरी ओवायच्या डोळ्यात रंग भरलेला. कंपनीचं नाव घेण्यात अर्थ नाही, कारण असा माल बऱ्याच ठिकाणी सापडतो. पण घेताना एवढं करा: जिगहेड डोळ्यासमोर नाकाच्या बाजूने धरा आणि गळाची अणी दोरी ओवायच्या डोळ्याच्या बरोबर रेषेत येते का बघा. येत नसेल तर परत ठेवा. लेथच्या चकमध्ये तिरका धरलेला जॉब कितीही जपून कापला तरी गोल निघत नाही, तसंच हे आहे. रबर कितीही सरळ ओवलं तरी वाकड्या गळावर ते वाकडंच पोहणार.

दुसरं माप गळाच्या तोंडाचं, म्हणजे अणी आणि दांडी यांच्यातल्या मोकळ्या जागेचं. माझ्या पाच इंची रबराची पाठ जिथे सर्वांत जाड आहे तिथे ती १७ मिलिमीटर भरते. ज्या गळाचं तोंड १८ मिलिमीटर होतं, त्यात रबर बसलं की अणी जेमतेम पाठीच्या वर डोकावायची. मासा चावायचा, ठोका लागायचा, आणि गळ रबरातच रुतायचा. तोंड २५ मिलिमीटरच्या आसपास घेतलं तेव्हापासून लागलेला मासा टिकतो. दांडीची लांबी मात्र उगाच वाढवू नका. गळ रबराच्या अर्ध्याच्या पुढे गेला की अंग ताठ होतं आणि शेपटी हलायची थांबते. शेपटी हलली नाही तर रबर वापरून उपयोग काय?

आता ओवण्याबद्दल. बहुतेक जण अणी नाकात खुपसतात आणि जमेल तिथून बाहेर काढतात. तसं करू नका. आधी जिगहेड रबराच्या बाजूला धरा, रबराचं नाक डोक्याच्या मागच्या काठाला टेकवा आणि गळाचा वाक जिथे येतो तिथे नखाने खूण करा. मग अणी नाकाच्या अगदी मध्यात घालायची. साच्यातून निघालेल्या रबराच्या पाठीवर आणि पोटावर एक बारीक शिवण असते. तीच आपली मध्यरेषा. गळ आत सरकवताना रबराला गळाभोवती ढकलत न्यायचं, ताणायचं नाही. खूण आली की अणी पाठीवरच्या शिवणीतून बाहेर. उरलेलं कॉलरवर चढवताना थोडं पिळत, दाबत बसवायचं. नाक शिशाला टेकलं पाहिजे, मध्ये फट नको. शेवटी लूर नाकाने धरून लोंबकळू द्या आणि वरून बघा. कुठे सुरकुती आहे का, पाठ कमानीसारखी झालीय का? सुरकुती दिसली तर अणी मिलिमीटर-दोन मिलिमीटर चुकीच्या जागी निघालीय. पुन्हा काढा, पुन्हा घाला. त्यानंतर होडीच्या कडेला हातभर पाण्यात ओढून पाहा. सरळ पोहत असेल तर सोडा. एका अंगावर जात असेल किंवा स्वतःभोवती फिरत असेल तर तो खाली सोडून दोरीला पीळ पाडून घेण्यात काही हशील नाही.

कॉलरवर सुपरग्लूचा एक थेंब टाकावा, हे मी ठासून सांगतो. जेलवाला घ्या, पातळ ओघळतो. रबर पूर्ण चढवायच्या आधी, शेवटची थोडी जागा उरली असताना कॉलर कोरडी पुसायची, थेंब लावायचा आणि रबर दाबून धरायचं. ओल्या हातांनी, डोलत्या होडीत हे जमत नाही, म्हणून मी दहा-बारा लूर घरीच तयार करून नेतो. ज्या भागात केंड मासे आहेत तिथे एवढं करूनही शेपट्या कुरतडून येतातच. केंडाचे दात कात्रीसारखे चालतात, त्यावर डिंकाचा इलाज नाही.

रबराच्या जातींबद्दल बोलायचं तर १९४९ साली अमेरिकेत ओहायोतल्या अ‍ॅक्रन गावी निक क्रीमने व्हिनाइलचा गांडूळ ओतला, तिथून आजच्या नेहमीच्या रबरापर्यंत मूळ कल्पना फारशी बदललेली नाही. हे साधं रबर म्हणजे पीव्हीसी आणि त्याला मऊ करणारं तेल. मऊ असतं, छान हलतं, कॉलरवर सहज चढतं, आणि दातांपुढे लवकर हार मानतं. एक चांगला हेकरू लागला की त्या रबराचं आयुष्य बहुधा संपलं. तरीही रोजच्या वापराला मी हेच नेतो, कारण खडकात लूर गमवावा लागतोच आणि हे गेलं तर जीव तुटत नाही.

झी-मॅन कंपनीचं एलाझटेक हे वेगळं. त्यात पीव्हीसी नाही. ताणलं तर कितीतरी पट लांब होतं आणि सोडलं की जागेवर येतं. एकच रबर मासा-दर-मासा चालत राहतं, हे मी स्वतः अनुभवलंय. शिवाय ते पाण्यात तरंगतं. तळाला याचा फायदा असा की जिगहेड वाळूवर टेकला तरी शेपटी वर उभी राहते, हलत राहते. हात थांबला तरी लूर थांबत नाही. मात्र कॉलरवर चढताना हे रबर शिशाला चिकटून बसतं, पुढे सरकत नाही. डिंक लावणार नसाल तर कॉलर पाण्याने ओली करून बघा, पटकन चढतं. आणि हे रबर साध्या पीव्हीसी रबराच्या डब्यात कधीही ठेवू नका. दोन्ही एकमेकांना लागून राहिली की वितळून लगदा होतो. मूळ पाकिटातच राहू द्या, आणि तेही सपाट, कारण घडी पडलेलं रबर सरळ पोहत नाही.

तिसरी जात पाण्यावर आधारलेली, वासाची. बर्कलीचं गल्प यातलं सर्वांत माहितीचं. पाणी गढूळ असेल, मासा आळसावलेला असेल आणि लूर तळाशी जवळजवळ स्थिर ठेवायचा असेल तेव्हा याला तोड नाही. शिंगाळा आणि तांबोशी याला तोंडात धरून ठेवतात, रबरासारखं थुंकत नाहीत, त्यामुळे ठोका मारायला, म्हणजे झटक्याने गळ रुतवायला, उसंत मिळते. या पदार्थाचा स्वभाव असा की रस सुकला की तो आक्रसतो आणि खडखडीत होतो. रॉडला लावून उन्हात विसरलात तर गळावरून सुरीने कापूनच काढावा लागेल. दिवस संपला की परत रसाच्या डब्यात.

वजनाचा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो. माझा नियम एकच: तळ हाताला कळत राहील एवढं कमीत कमी वजन. वीस-तीस मीटरला, मध्यम ओढीच्या पाण्यात मी ४० ते ६० ग्रॅमपासून सुरू करतो. पन्नास मीटरला ८० ते १२० ग्रॅम. दोरी पाण्यात ४५ अंशांपेक्षा जास्त तिरकी जायला लागली की वजन वाढवायचं. त्याआधी दोरी बारीक करता येते का ते बघा. जाड दोरीला पाणी जास्त ढकलतं, आणि त्या ओढीसाठी लावलेलं शिसं लूरला दगडासारखं खाली पाडतं. मी बारीक ब्रेड, म्हणजे विणलेली दोरी, आणि पुढे दोन-तीन मीटर फ्लोरोकार्बनची दोरी वापरतो, खडक असेल तर ५०-६० पौंड ताण सोसणारी. जिगहेडला फासाची सैल गाठ मारा, डोळ्यावर आवळलेली नको. सैल फासात लूर मोकळा डुलतो.

टंगस्टनची डोकीही मी वापरून पाहिली. शिशाची घनता पाण्याच्या ११.३ पट, टंगस्टनची १९.३ पट, त्यामुळे तेवढ्याच वजनाचं डोकं बरंच लहान होतं आणि जोराच्या ओढीत सरळ खाली जातं. वाळू आणि दगड यातला फरक हाताला जास्त स्वच्छ कळतो. तरी खडकात रोज दोन-चार सोडून येणाऱ्याने शिशावरच राहावं. शिसं हाताळल्यावर काही खायच्या आधी हात साबणाने धुवा, हे सांगून ठेवतो.

लूर तळाला टेकला की दोरी ढिली पडते. त्याच क्षणी रिळाच्या हँडलचे दोन-तीन फेरे मारून तो दगडांपासून वर घ्यायचा. मग हात-दीड हात उचलायचा आणि दोरी किंचित ताणलेली ठेवून खाली जाऊ द्यायचा. बहुतेक मासे लूर पडत असताना धरतात. दोरी अगदी सैल सोडली तर तो चावा हाताला कळतच नाही. खाली जाताना दोरी अपेक्षेच्या आधीच थांबली तर तळ आला असं समजू नका, रॉड वर करा.

खारं पाणी गळाला सोडत नाही. वापरलेला एक जिगहेड तसाच डब्यात टाकला की बाकीच्यांवरही तांबूस डाग पडतात. कथिलाचा मुलामा असलेला गळ चकचकीत निकेलपेक्षा माझ्याकडे जास्त टिकला. गोड्या पाण्यात बुडवायचं, कापडावर वाळवायचं, अणी नखावर टेकवून बघायची. नखावरून घसरली तर कानशीचे दोन हात, किंवा सरळ फेकून द्यायचा.

शेपटी तुटून येतेय पण मासा लागत नाहीये, असं वारंवार होत असेल तर मागे एक छोटा सुटा गळ जोडता येतो. ब्रेडच्या तुकड्याने मुख्य गळाच्या वाकाला बांधायचा आणि अणी शेपटीच्या अलीकडे पोटात हलकेच रोवायची. दोरा थोडा सैल ठेवा, नाहीतर शेपटी जखडते. वाळूवर आणि चिखलात हा गळ बरेच मासे मिळवून देतो. खडकावर तो लावू नका. जिगहेडचा गळ वर तोंड करून चालतो म्हणून दगडातून सुटून येतो, आणि पोटाखालचा हा गळ पहिल्याच फटीत अडकतो.