भाड्याच्या सर्व्हरवर ऑडिटडी: आधी घड्याळ तपासा

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एखाद्या टॉवेल कारखान्याचा स्टॉक आणि बिलिंग भाड्याच्या लिनक्स सर्व्हरवर असेल आणि ‘ऑडिट चालू केल्यापासून पोस्टग्रेस (डेटाबेस) रेंगाळतंय’ अशी ओरड असेल, तर हे परीक्षण त्या सर्व्हरची देखभाल करणाऱ्यांसाठी आहे.

ऑडिटडी ही लिनक्सवरच्या हालचालींची नोंद ठेवणारी सेवा मुळात भक्कम आहे. कोणती फाइल कोणी बदलली, सुडो (प्रशासकाच्या अधिकाराने आज्ञा चालवण्याची सोय) कोणी चालवलं, याची नोंद कर्नलमार्फत (लिनक्सच्या गाभ्यामार्फत) होते. पण तिची किंमत सिस्टीम कॉलच्या, म्हणजे प्रोग्रॅमने कर्नलकडे केलेल्या प्रत्येक मागणीच्या, हिशेबाने मोजावी लागते. ऑडिट चालू असताना जन्मलेल्या प्रत्येक प्रोसेसवर एक खूण बसते आणि तिचा प्रत्येक कॉल लांबच्या वाटेने जातो. नियमांची यादी रिकामी असली तरीही. नियम असतील तर कॉल संपताना ते एकेक करून तपासले जातात.

इथे घड्याळाचा संबंध येतो. डेटाबेस सतत वेळ विचारतो. कर्नलने वेळेसाठी निवडलेलं घड्याळ टीएससी (प्रोसेसरमधला गणक) किंवा केव्हीएम-क्लॉक (आभासी सर्व्हरसाठीचं घड्याळ) असेल, तर ही विचारणा सहसा व्हीडीएसओतून, म्हणजे कर्नलमध्ये न शिरताच, काही दहा नॅनोसेकंदांत उरकते. पण कर्नलने टीएससी ‘अनस्टेबल’ (बेभरवशाचं) ठरवून एचपीईटी किंवा एसीपीआय-पीएम ही संथ घड्याळं घेतली, की प्रत्येक विचारणा पूर्ण सिस्टीम कॉल होते. शिवाय असं घड्याळ वाचायला हायपरव्हायझरपर्यंत (एका यंत्रावर अनेक आभासी सर्व्हर चालवणाऱ्या थरापर्यंत) जावं लागतं, म्हणजे मायक्रोसेकंद किंवा त्याहून जास्त. त्यावर ऑडिटचा भार. अशा सर्व्हरवर ऑडिट बंद करून थोडा वेग परत येतो, पण मूळ दुखणं तसंच राहतं.

म्हणून आधी चालू घड्याळाचं नाव देणारी ‘करंट-क्लॉकसोर्स’ फाइल वाचा आणि डीमेसेजमध्ये (कर्नलच्या संदेशांत) ‘अनस्टेबल’ शोधा. मग पोस्टग्रेससोबत येणारं, वेळ विचारायला किती वेळ लागतो ते मोजणारं पीजी-टेस्ट-टायमिंग चालवा. सरासरी १०० नॅनोसेकंदांच्या आत हवी. सिस्टीम कॉल दाखवणाऱ्या एसट्रेसने दहा सेकंद कॉल मोजले आणि त्यात क्लॉक-गेटटाइम (वेळ विचारणारा कॉल) हजारोंनी दिसला, तर व्हीडीएसओ चालत नाही हे नक्की. एरवी तो कॉल तिथे दिसतच नाही.

उपलब्ध घड्याळांच्या यादीत केव्हीएम-क्लॉक असेल तर तेच निवडा आणि ग्रबमध्ये (सर्व्हर सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) कायम करा. ‘टीएससी=रिलायबल’ मात्र डोळे झाकून लावू नका. त्याने टीएससीवर नजर ठेवणारा कर्नलचा पहारेकरी बंद होतो, आणि पुरवठादाराने तुमचं मशीन चालू स्थितीत वेगळ्या गतीच्या सर्व्हरवर हलवलं तर वेळ सरकू शकते. चलनांवरच्या वेळा चुकल्या की निस्तरता निस्तरता नाकी नऊ येतात.

घड्याळ ठीक झाल्यावरच ऑडिटच्या नियमांकडे वळा. फाइलवर पहारा ठेवणारे जुन्या ‘-डब्ल्यू’ पद्धतीचे नियम टाळा. आर्किटेक्चर, पाथ आणि परवानगी देऊन लिहिलेला नियम हलका पडतो. अनेक कॉल एकाच नियमात बसवा. बॅकलॉग (लिहायच्या राहिलेल्या नोंदींची रांग) मर्यादा ८१९२ ठेवा, कारण रांग भरली की प्रोसेस ताटकळत उभी राहते. फक्त लॉगिन आणि सुडोच्या नोंदी हव्या असतील, तर ‘टास्क,नेव्हर’ हा एकच नियम पुरतो: खूण बसत नाही, भार जातो, या नोंदी मात्र येत राहतात. अर्थात फाइलवरचा पहाराही त्याने बंद होतो.

नोंदी टिकवण्याचं मूळ सेटिंग फारच तोकडं आहे: ८ एमबीच्या ५ फाइली, मग जुनी पुसली जाते. सर्ट-इनच्या (केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या) २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत १८० दिवसांचे लॉग आणि एनआयसी (राष्ट्रीय माहितीविज्ञान केंद्र) किंवा एनपीएलशी (राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा) जुळवलेली वेळ अपेक्षित आहे. ४० एमबीत ते बसणं अवघड.

एक गोंधळ हमखास होतो. सीए ‘ऑडिट ट्रेल’ मागतात आणि सर्व्हरवाले ऑडिटडी चालू करतात. कंपन्यांसाठी १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेली ती अट हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधल्या नोंदींच्या बदलांविषयी आहे. कर्नलच्या ऑडिटने ती पूर्ण होत नाही.

आणि ‘टास्क,नेव्हर’ लावल्यावर पोस्टग्रेस रीस्टार्ट करा. खूण प्रोसेसच्या जन्मावेळी बसते, त्यामुळे आधीपासून चालू असलेली प्रोसेस जुनाच भार वाहत राहते.