स्टॉपरची जर्सी : कापडाला दहापैकी आठ, छपाईला सहा

कोल्हापूरच्या राजारामपुरीत जर्सी छापून देणारी दुकानं आता बरीच झालीत. त्यातल्या एका दुकानातून मँचेस्टर युनायटेडची २००७-०८ ची लाल जर्सी घेतली, पाठीवर त्यांचा स्टॉपर, म्हणजे बचावफळीच्या मधला गडी, विदिच याचं नाव आणि १५ नंबर छापून. दुकानाचं नाव लिहीत नाही, कारण पुढं थोडी तक्रार आहे आणि दुकान चालवणारं पोरगं मनानं चांगलं आहे.

आत शिरलं की भिंतभर मेस्सी, रोनाल्डो, नेमार. अर्जेंटिना आणि ब्राझीलचे ढीग वेगळे. कोल्हापुरात ते लागतातच, वर्ल्ड कप आला की पेठापेठांत कटआउट उभी राहतात ती याच दोन देशांची. बचावफळीतला मात्र एकही गडी हँगरवर नाही. मी पेठेच्या टीमला स्टॉपर खेळलेला माणूस, त्यामुळं हे डोळ्यात खुपतं. गोल मारणाऱ्याला गॅलरी डोक्यावर घेते आणि स्टॉपरची आठवण गोल खाल्ल्यावरच काढते, हे शाहू स्टेडियमवर बसणाऱ्या कुणालाही ठाऊक आहे.

"मामा, विदिच म्हंजे कोण ओ? स्पेलिंग लिहून द्या."

लिहून दिलं. कटर मशीन व्हिनाइल कापत होतं तोवर पोराला ऐकवलं पण. नेमान्या विदिच, जन्म २१ ऑक्टोबर १९८१, तेव्हाच्या युगोस्लाव्हियातल्या उझित्से गावचा. रेड स्टार बेलग्रेडच्या पोरांत वाढला, मध्ये सुबोतित्साच्या स्पार्टाककडं उसना खेळून आला, परत येऊन रेड स्टारचा कॅप्टन झाला आणि २००३-०४ ला लीग आणि कप दोन्ही जिंकून मॉस्कोच्या स्पार्टाककडं गेला. तिथून जानेवारी २००६ मध्ये युनायटेडनं त्याला साधारण ७० लाख पौंडांत उचलला. त्याच महिन्यात पॅट्रिस एव्हरा पण आला. एवढ्या पैशात अशी जोडी घेणाऱ्या युनायटेडच्या मॅनेजरला, फर्ग्युसनला, आपल्या मार्केट यार्डात दलाली करायला बसवायला पाहिजे होतं.

आता माल. कापड डॉट निट आहे, हाताला हलकं, घाम धरत नाही. बगलेत आणि खांद्यावर दुहेरी शिलाई, ओढून बघितली, उसवली नाही. छातीवरची प्रायोजक एआयजीची पांढरी अक्षरं रबरासारखी जाड आहेत, त्यामुळं उन्हात तेवढा पट्टा अंगाला चिकटतो. क्लबचा बिल्ला भरतकामाचा, पण आतून दोरे मोकळे सोडलेत आणि ते छातीला टोचतात. खाली बनियन घातला की प्रश्न मिटतो. माप आखूड आहे. चाळिशी ओलांडलेल्यांनी नेहमीच्यापेक्षा एक नंबर मोठा घ्यावा, पोटावर बसते.

हेच साल का, तर युनायटेडनं ही जर्सी दोन हंगाम वापरली आणि विदिचचं सगळं चांगलं-वाईट त्या दोन हंगामांत आहे. २१ मे २००८ ची चॅम्पियन्स लीग फायनल मॉस्कोतच झाली, समोर चेल्सी, १-१ बरोबरी. जादा वेळेत, ११६ व्या मिनिटाला चेल्सीच्या द्रोग्बानं विदिचच्या गालावर हात उगारला आणि लाल कार्ड घेऊन बाहेर गेला. पुढं टायब्रेकर. चेल्सीचा टेरी घसरला, बॉल पोलवर. सडनडेथला, म्हणजे पाच-पाच पेनल्ट्या झाल्यावर एकेक घेताना, युनायटेडचा गोलकीपर व्हॅन डर सारनं अनेल्काची पेनल्टी अडवली, ६-५. द्रोग्बा मैदानावर असता तर त्यानं एक पेनल्टी घेतलीच असती, म्हणून त्या कपात थोडा वाटा विदिचच्या गालाचाही आहे असं मी म्हणतो. पोरगं हसलं, पण मशीनवरनं नजर काढली नाही, हे आवडलं.

पुढच्या हंगामात युनायटेडनं लीगमध्ये सलग १४ मॅच गोल खाल्ला नाही. व्हॅन डर सारच्या नावावर गोल न खाता १३११ मिनिटांचा हिशोब लागला, पण त्याच्यापुढं उभे होते फर्डिनांड आणि विदिच. फर्डिनांड बॉल पायात घेऊन निघणारा, विदिच म्हणजे, दुसरा कुणी पाय घालायला बिचकेल तिथं डोकं घालणारा. दोघांनी एकमेकांची कामं कधी अडवली नाहीत. प्रीमियर लीगचा त्या हंगामातला सर्वोत्तम खेळाडू विदिच ठरला, आणि २०१०-११ ला परत तोच. बचावपटूला दोनदा!

आणि याच जर्सीत १४ मार्च २००९ पण आहे. ओल्ड ट्रॅफर्डवर लिव्हरपूलनं ४-१ हरवलं. विदिचनं उंच आलेला बॉल सरळ उडवायचा सोडून टप्पा पडू दिला, टोरेस मागून आला आणि घेऊन गेला. नंतर जेरार्डला पाडून लाल कार्ड. लिव्हरपूलविरुद्ध लागोपाठ तीन मॅचमध्ये लाल कार्ड घेतलेला माणूस आहे हा. ज्यांना फक्त कौतुक ऐकायचंय त्यांनी दुसऱ्या कुणाची जर्सी छापावी.

छपाईकडं येतो. माझं आयुष्य उद्यमनगरात व्हर्नियर, म्हणजे बारीक माप घ्यायचं हत्यार, हातात धरून गेलंय, त्यामुळं एक आणि पाच एका रेषेत नाहीत हे दुकानातच दिसलं. पाच खाली, दोन-तीन मिलिमीटर. पोरगं म्हणालं, "घातल्यावर कळत नाही मामा." घातल्यावर खरंच कळत नाही, पण घडी घालताना दर वेळी दिसतं. नाव मात्र बरोबर मध्यावर आलंय, अक्षरांच्या कडा साफ.

खरी तक्रार पुढची. थोड्याच धुण्यांत पाचच्या खालच्या टोकाची कड उचलली गेली. घेऊन गेलो तर पहिलं वाक्य, "इस्त्री फिरवली असणार." आमच्या घरात जर्सीला इस्त्री करायचा रिकामटेकडेपणा कुणाकडं नाही. मग त्यानंच बोट लावून बघितलं, प्रेस नीट बसलं नव्हतं हे मान्य केलं, वर बटर पेपर टाकून परत दाबून दिलं, पैसे घेतले नाहीत. त्यानंतर अजून धरून आहे. उलटी करून थंड पाण्यात धुवायची, पिळायची नाही, हे त्यानं विकतानाच सांगायला पाहिजे होतं.

बाहीवर कॅप्टनचा सी टाकू का, वीस रुपयांत, असंही विचारलं होतं. नको म्हटलं. विदिच कॅप्टन झाला २०१० ला, मॉस्कोत पट्टा फर्डिनांडच्या दंडावर होता. एआयजीच्या जर्सीवर विदिचचा सी म्हणजे खोटं काम.

गांधी मैदानावर सकाळी घालून गेलो तर पोरांत चर्चा. एक अर्जेंटिनावाला म्हणाला, विदिचच्या सर्बियाला, तेव्हाच्या सर्बिया-मॉन्टेनेग्रोला, आम्ही २००६ च्या वर्ल्ड कपला सहा गोल मारले. मारले, खरं आहे. पण त्या मॅचला विदिच मैदानात नव्हता. पात्रता फेरीत विदिच, क्रस्तायिच, गाव्रांचिच आणि द्रागुतिनोविच या चौघांच्या बचावफळीनं दहा मॅचमध्ये एकच गोल खाल्ला होता. स्पर्धेत पहिल्या मॅचला त्याच्यावर बंदी होती आणि मग सरावात गुडघा दुखावला. एकही मॅच खेळला नाही. अर्जेंटिनावाल्याला हे सांगितल्यावर तो बॉल आणायला गेला.

पुढचं थोडक्यात. डिसेंबर २०११ ला बासेलविरुद्ध गुडघा गेला, हंगाम संपला. परत येऊन २०१२-१३ ला पाचवी लीग जिंकली. २०१४ ला इंटर मिलान, तिथं काही जमलं नाही, जानेवारी २०१६ ला निवृत्ती. युनायटेडसाठी ३०० मॅच आणि २१ गोल.

जर्सी ६५०, नाव-नंबर १५०, एकूण ८००. या पैशात कापड फुकट गेलं नाही, छपाईला वेळ द्यायला पाहिजे होता. कोल्हापुरातली लीग चालू असताना या दुकानात जाऊ नका. तालमींच्या टीमच्या ऑर्डरी पडलेल्या असतात आणि एकट्याच्या कामाला घाईत उरकतात. दुपारी तीनच्या सुमाराला गर्दी नसते. नाव छापील अक्षरात लिहून न्या आणि प्रेसखाली टाकायच्या आधी नंबर पट्टी लावून आखायला सांगा, तो नाही म्हणत नाही. मी २०१०-११ ची, एऑन या पुढच्या प्रायोजकाचं नाव लिहिलेली सांगून आलोय. तिच्यावर सी टाकायला हरकत नाही.