दोन दिवसांचं आपत्ती ट्रेनिंग केलं, दोरीवाला भाग एक नंबर, बाकी पाहून घ्या

मागच्या शनिवार-रविवारी सिव्हिल लाइन्समधल्या एका हॉलमध्ये झालं. नाव घेत नाही, प्रायव्हेट संस्था आहे, आपल्या नागपुरात एनडीआरएफची अकॅडमी आहे न तिच्याशी यांचा काही संबंध नाही, मला आधी तेच वाटलं होतं. फी अडीच हजार, जेवण धरून.

पहिला दिवस पैसा वसूल. शिकवणारे काका फायर ब्रिगेडमधून रिटायर, त्यांनी गाठी डोळे बंद करून बांधायला लावल्या, म्हणे पूर रात्री येते तेव्हा टॉर्च कोण धरणार. हे मला लगेच पटलं कारण २३ सप्टेंबर २०२३ ला अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो झाला तेव्हा पहाटे अंधारातच आमच्या घरात पाणी शिरलं होतं अन् मी दोरी शोधत बसलो होतो. रिकाम्या कॅन बांधून तराफा केला, तोही टिकला, दोघं बसलो त्याच्यावर.

दुसरा दिवस म्हणजे 'संघर्षग्रस्त भागातली आपत्ती', मी गेलो होतो खरं तर याच्यासाठीच, आमचं काम गडचिरोलीतल्या भामरागडकडे असते. सुरुवात मस्त होती. लिबियातल्या डेर्नाची गोष्ट सांगितली, सत्तरच्या दशकातली धरणं, २०११ ला युद्ध पेटलं अन् दुरुस्ती तशीच राहिली, सप्टेंबर २०२३ च्या वादळात दोन्ही धरणं फुटली, एका रात्रीत हजारो माणसं गेली. सेंडाई करारात, म्हणजे आपत्तीचा धोका कमी करायचा जगभरातल्या देशांचा करार, तो २०१५ ते २०३० चा आहे, त्यात युद्ध-संघर्षाबद्दल जवळजवळ काहीच नाही हेही सरांनी स्वतःहून सांगितलं. इथपर्यंत पाच स्टार.

मग गडचिरोली आली अन् गाडी फसली. घरोघरी सर्व्हे करा, गावाचा नकाशा काढा, नंबरांची यादी करा, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप बनवा. एटापल्लीकडच्या एका पोरानं हात वर करून विचारलं, "सर, नकाशा कोणासाठी?" आता ज्या भागात चाळीस वर्षं खबऱ्या असल्याच्या नुसत्या संशयावरून नक्षल्यांनी माणसं मारली, अन् जंगलवाल्यांना भाकर दिली म्हणून पोलीस दारात येतील ही भीती वेगळीच, तिथं घरागणिक नावांचा कागद खिशात घेऊन कोण फिरणार? सर म्हणाले, "आता तिकडे शांत आहे ना," अन् पुढची स्लाइड. काहून बा? अडीच हजार याच प्रश्नासाठी तर भरले होते.

मग चहाच्या वेळी त्याच पोराला धरलं. पर्लकोटा नदी पुलावर चढली की भामरागड तुटते, हे त्यांना काही नवं नाही. पावसाळ्याआधी रेशन आत पोहोचते, अन् कोणत्या बाईला कितवा महिना लागला ते गावातल्या आशाताईच्या डोक्यात पक्कं असते, ती वेळेवर माहेरघरात, म्हणजे बाळंतपणाआधी राहायची दवाखान्याजवळची सोय, तिथं नेऊन सोडते. म्हणे तिला कोणी विचारत नाही कोणाची माणूस आहेस म्हणून. खरं ट्रेनिंग ते, दहा मिनिटांचं, तेही समोशासोबत.

बाकी स्लाइडा सगळ्या इंग्रजीत, ज्या गावांसाठी शिकवून राहिले तिथं माडिया बोलतात. एसी एवढा की मे महिन्यात शाल आठवली. वांग्याची भाजी झणझणीत होती, दोनदा घेतली.

फक्त पहिल्या दिवसाचे पैसे घ्याल का, आमचे आणखी चार जण पाठवतो, असं निघताना विचारलं. नाही म्हणे, पॅकेज आहे.