सात आसनांची गाडी आणि मागच्या रांगेचा आवाज : सदरमधील एका दुकानातून करून घेतलेले काम

आमच्या सात आसनांच्या गाडीत कंपनीने बसवून दिलेल्या चार स्पीकरांबद्दल पहिली तीन वर्षे घरात कोणाचीच तक्रार नव्हती. गाडी बहुतेक वेळ मानकापूर ते धंतोली एवढीच धावत असे आणि तेवढ्या वेळात बातम्या आणि दोन गाणी ऐकून होत. समृद्धी महामार्गाने शिर्डीला जाणे सुरू झाल्यावर मात्र उणीव ध्यानात आली. या रस्त्याच्या काँक्रीटवर वेग शंभराच्या पुढे गेला की टायरांची घरघर सतत चालू राहते. मग तिसऱ्या रांगेतली मुले आवाज वाढवायला सांगतात, मधल्या रांगेतली आई तो कमी करायला सांगते, आणि दोघांचेही बरोबर असते, कारण आवाज वाढवला की पुढे तो कानाला टोचतो आणि मागे नुसती खरखर पोहोचते.

यंदाच्या फेब्रुवारीत हे काम करून घेतले. उन्हाळा आणि अर्धा पावसाळा त्यावरून गेल्यानंतर हे लिहीत आहे, कारण नागपुरात गाडीत चिकटवलेल्या कोणत्याही वस्तूची खरी परीक्षा मे महिन्यातच होते.

आधी ज्या दुकानात चौकशी केली तेथे मला मोठ्या पडद्याचा नवा प्लेयर आणि डिकीत ठेवायचा बारा इंची बासचा खोका सुचवण्यात आला. तिसरी रांग उघडी ठेवल्यावर या गाडीच्या डिकीत दोन बॅगा जेमतेम मावतात, याकडे त्यांचे लक्षच नव्हते. सदरमधल्या दुकानातील फिटरने मात्र प्रथम चारही दरवाज्यांवर बोटाने ठोकून पाहिले आणि म्हणाला, ‘भाऊ, स्पीकर नंतर पाहू, आधी हा डबा बंद करू.’ याच वाक्यावर मी काम त्याच्याकडे द्यायचे ठरवले.

त्याचे म्हणणे शास्त्राला धरून होते. स्पीकरचा पडदा पुढे सरकतो तेव्हा समोरची हवा दाबली जाते आणि मागची विरळ होते. या दोन विरुद्ध लहरी दरवाज्याच्या आतल्या पत्र्याच्या भोकांतून एकमेकींना भेटल्या की खालचे सूर परस्परांना खाऊन टाकतात. त्यामुळे महागडा स्पीकरही उघड्या दरवाज्यात डग्ग्याचा घुमारा देऊ शकत नाही, फक्त त्याची थाप ऐकू येते. म्हणून बाहेरच्या पत्र्याला आतून ब्युटाइल रबराच्या चकत्या चिकटवल्या गेल्या आणि आतल्या पत्र्याची मोठी भोके त्याच शीटने बंद झाली. बाजारात यापेक्षा स्वस्त डांबरी शीटही मिळते, पण उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीत ती मऊ होते, वास मारते आणि हळूहळू खाली सरकते. मी शीटचा एक तुकडा हातात घेऊन, वास घेऊन आणि नखाने दाबून पाहिला, आणि हे करताना दुकानात कोणी तोंड वाकडे केले नाही. काचेवरून आत शिरणारे पावसाचे पाणी बाहेर पडावे म्हणून दरवाज्याच्या तळाशी असलेली छिद्रे मोकळी ठेवल्याचे त्याने पॅड (दरवाज्याचे आतले आवरण) बसवण्यापूर्वी दाखवले. या एका कामातच अख्खा दिवस गेला. आता दरवाजा लावताना पत्र्याचा खणखणाट न होता जड, बसका आवाज येतो आणि, संगीत बंद असले तरी, रस्त्याची घरघर कमी जाणवते.

मूळचा प्लेयर आम्ही बदलला नाही, कारण स्टिअरिंगवरची बटणे आणि मागचा कॅमेरा त्याच्याशी जोडलेले आहेत. अशा प्लेयरवर ‘५० वॅट गुणिले ४’ असे लिहिलेले असते, पण तो क्षणभराचा कमाल आकडा असतो. सलग मिळणारी शक्ती दर स्पीकरमागे साधारण १५ ते २० वॅटच असते. म्हणून पुढे वेगळ्या ट्वीटरचा (वरच्या सुरांच्या छोट्या स्पीकरचा) साडेसहा इंची कंपोनंट संच, मागच्या दरवाज्यांत ट्वीटर आतच बसवलेले कोअ‍ॅक्शिअल, ड्रायव्हरच्या सीटखाली चार चॅनेलचा अ‍ॅम्प्लिफायर आणि शेजारच्या सीटखाली पातळ सबवूफर (फक्त खालच्या सुरांचा स्पीकर) अशी रचना ठरली. पायोनियर, सोनी, जेबीएल यांचे संच तेथे मांडलेले होते आणि अमुकच घ्या, असा आग्रह झाला नाही. तिसऱ्या रांगेत आणखी दोन स्पीकर लावावेत असे माझे म्हणणे होते. तेथले प्लास्टिक पातळ असल्याने ते स्पीकरपेक्षा जास्त वाजेल, असे सांगून त्यांनी नकार दिला. गिऱ्हाइकाचे पैसे नाकारणारे दुकान माझ्या अनुभवात विरळच.

वायरिंग कपलर (तयार जोड-प्लग) लावून केले, मूळची एकही वायर कापली नाही. बॅटरीपासून वीतभर अंतरावर फ्यूज आहे, म्हणजे पुढे कोठे वायर पत्र्याला घासून शॉर्ट झालीच तर आगीपूर्वी फ्यूज उडेल. केबल तांब्याची आहे की तांब्याचा मुलामा दिलेल्या अ‍ॅल्युमिनियमची, हे तिचे टोक सोलून पाहिले. ती तांब्याचीच निघाली.

तरीही पहिल्या दिवशी गाडी घरी आणली तेव्हा अ‍ॅक्सिलरेटर दाबला की स्पीकरमधून बारीक शिट्टी येत होती आणि इंजिनाचा वेग वाढला की ती चढत होती. दुसऱ्या दिवशी गाडी परत नेली. अ‍ॅम्प्लिफायरचा ग्राउंड (गाडीच्या पत्र्याला जोडायची वायर) रंग दिलेल्या बोल्टवर घेतलेला होता. तेथला रंग खरवडून तो कोऱ्या पत्र्यावर घेतला, सिग्नलची वायर पॉवरच्या केबलपासून दूर, गाडीच्या दुसऱ्या बाजूने नेली, आणि शिट्टी गेली. चूक निस्तरली, पण ती मुळात व्हायला नको होती, आणि गाडी सोपवण्यापूर्वी इंजिन चालू करून ऐकले असते तर तिथेच पकडली गेली असती. एका डोअर पॅडची क्लिपही तुटली होती. ती मी विचारल्यावर बदलून मिळाली.

आवाज जुळवण्याचे काम मात्र फिटरने मन लावून केले. गेन म्हणजे प्लेयरकडून येणारा सिग्नल किती वाढवायचा याची जुळवणी, आवाजाचे बटण नव्हे, हे त्याने मला समजावले आणि प्लेयर तीन-चतुर्थांश आवाजावर ठेवून, आवाज फाटणार नाही अशा जागी गेन थांबवला. दरवाज्यांतील स्पीकरना ८० हर्ट्झच्या खालचे सूर मिळणार नाहीत अशी सोय केली. ते काम सबवूफर करतो. आई मधल्या रांगेत बसून एक अभंग ऐकत होती. टाळ कानाला लागतात, असे तिने सांगितले तेव्हा ट्वीटर थोडे उतरवले गेले. फेडर (आवाज पुढे-मागे वाटण्याची सोय) दोन घरे मागे सरकवल्यावर मुलांनाही शब्द स्पष्ट ऐकू येऊ लागले. परवा रामटेकला जाताना पूर्वीपेक्षा बराच कमी आवाज ठेवूनही तिन्ही रांगांतून कोणी काही म्हटले नाही.

एकूण ५६,७०० रुपये लागले. त्यात डॅम्पिंगचे, म्हणजे दरवाज्यांतल्या रबरी शीटचे, ९,००० आणि मजुरीचे ४,५००. ज्याचा हात आखडता असेल त्याने सबवूफर सोडून द्यावा, पण डॅम्पिंग सोडू नये. जीएसटीचे पक्के बिल मागितल्याशिवाय मिळाले नाही, हे मला खटकले. ते जरूर मागावे, कारण वॉरंटीसाठी आणि विम्यात या वस्तू वेगळा हप्ता भरून नोंदवण्यासाठी तेच लागते. दोन दिवस सांगितलेल्या कामाला शिट्टीचा दिवस धरून चार दिवस लागले. सीटखालच्या अ‍ॅम्प्लिफायरमुळे आता गाडी आतून धुताना पाइप वापरता येत नाही, आणि गाडी धुणाऱ्या मुलाला हे दर रविवारी नव्याने सांगावे लागते.